गरीब कार्डाचा उन्हाळा

निहार आणि सई,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने मला विचारलं, "आजी, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, तुला माहीत आहे?" मी उत्तर देण्याआधीच त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. शाळेत मुलींच्या हातात पहिल्यांदा थर्मामीटर देताना मी अशीच बोलत असे. मी ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाही, कारण पलीकडे तुमची आई तोंडावर हात धरून हसत होती आणि इकडे तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. ते वर्तमानपत्र हलत होतं. मग आवाज तुटायला लागला आणि तो विषय राहून गेला.

फोन ठेवून मी कूलरमध्ये पाणी भरायला गेले. यंदा त्याला नवीन खस, म्हणजे वाळ्याची ताटी, बसवली आहे. पहिली बादली कोरडी खस गुपचूप पिऊन टाकते. दुसऱ्या बादलीला तिचा वास सुटतो, आणि पाच मिनिटांत तो मधल्या खोलीपर्यंत जातो. मी रिकामी बादली हातात धरून तिथेच उभी राहिले. निहार, तू गेमसाठी जे करतो आहेस ते ह्या घरात, ह्याच वासात, एका उन्हाळ्यात झालेलं आहे. कशासाठी झालं ते तुमच्या आईने तुम्हाला कधीतरी सांगितलंही असेल. पण माझ्या हातून काय झालं ते ती सांगणार नाही, म्हणून ते मला सांगायला हवं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मला ते जडही नाही; सगळं शिक्षण माझं इंग्रजीतच झालं. पण त्या खोलीतलं बोलणं मराठीत झालं, अर्धंमुर्धं हिंदीत झालं. ते इंग्रजीत मांडायला बसले की शाळेचा वार्षिक अहवाल लिहितेय असं वाटायला लागतं. जिथे अडाल तिथे आईला विचारा.

तुम्ही उज्जैनला नेहमी डिसेंबरात येता, म्हणून माळव्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नाही. सकाळी नऊपर्यंत तो सभ्यपणे वागतो. दहाला खिडक्या लावायच्या, जाड पडदे ओढायचे, आणि मग पाच वाजेपर्यंत घर म्हणजे अंधार आणि कूलरची घरघर. ती घरघर इतकी मोठी की शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची तर उठून जावं लागतं. गच्चीवर सकाळी घातलेले पापड दुपारी टाळ्या वाजवल्यासारखे वाजतात. फ्रीगंजच्या रस्त्यावर डांबर मऊ होऊन चपलेला धरून ठेवतं. कैरी उकडल्याचा वास, माठाखालच्या ओल्या वाळूचा वास, आणि उंबरठ्याच्या फटीतून आत येणारी पिठासारखी बारीक धूळ. संध्याकाळी मात्र वारा फिरतो आणि माणसं अशी बाहेर पडतात, जणू दुपारी काही झालंच नव्हतं. हा माळव्याचा मोठेपणा. दिवसाचा राग तो रात्रीपर्यंत नेत नाही.

मी सांगते आहे तो उन्हाळा नवं शतक लागल्यानंतरचा, अगदी सुरुवातीचा. तेव्हा सगळीकडे काहीतरी उघडत होतं आणि काहीतरी बंद होत होतं. टावर चौकातल्या टाइपिंग क्लासने टाइपरायटर माळ्यावर टाकले आणि पाटीवर 'कंप्यूटर' लिहिलं. एस.टी.डी. बूथवाल्याने काचेच्या खोक्याच्या जागी इंटरनेटचे तीन कप्पे केले. आणि तुमच्या आजोबांच्या बँकेने कर्मचाऱ्यांना सांगितलं की ज्यांना मुदतीआधी घरी जायचं असेल त्यांनी अर्ज करावा.

आजोबांनी अर्ज केला, पहिल्याच आठवड्यात. त्याचं कारण त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. बँकेत नवीन मशीनं आली होती. एका संध्याकाळी त्यांच्या हातून चुकीची कळ दाबली गेली आणि सगळ्या शाखेचं काम अडलं. लोक बॅगा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असलेले एक अधिकारी आले, दोन कळा दाबून काम सुरू केलं, आणि अगदी अदबीने म्हणाले, "सर, आप रहने दीजिए." त्यात अपमान करायचा हेतू नव्हता. आजोबांनाही ते कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी बसले तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. सकाळी वर्तमानपत्र वाचायचे, दुपारी तेच परत वाचायचे. दाढी एक दिवसाआड झाली. टावर चौकात जाणं बंद केलं, कारण तिथे भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "और भाईसाहब, आजकल क्या चल रहा है?" पण मला सगळ्यात जास्त दुखलं ते वेगळंच. ते मला विचारून वस्तूंना हात लावायला लागले. घड्याळाला चावी देऊ का. पंख्याचा वेग कमी करू का. ज्या माणसाने ह्या घराचं वायरिंग माझ्या डोळ्यांदेखत स्वतः केलं होतं, तो बल्ब बदलायला मिस्त्री बोलवू या म्हणाला. मी तेव्हा अजून शाळेत शिकवत होते. वर्गात उभी असताना मध्येच मनात यायचं की हे आता असेच बसून राहणार. पुढची पंचवीस-तीस वर्षं.

आता तुमच्या आईकडे येते. मंजू तेव्हा बावीस वर्षांची. बी.एस्सी. झाली होती, संगणकाचा कोर्स केला होता, आणि तिच्या डोक्यात भैरवगढ शिरलं होतं. तिथे कापडावर ठप्प्यांनी छपाई करणाऱ्यांच्या घरांत सागवानी लाकडाचे कोरलेले ठप्पे शेकड्यांनी पडलेले असतात, काही पणजोबांच्या काळचे. मंजू त्या सगळ्यांचे फोटो काढून आणायची. तिने असा प्रोग्राम लिहिला होता की स्क्रीनवर एक कापड लटकलेलं दिसायचं, त्यावर आपण कुठलाही ठप्पा निवडायचा, कुठलाही रंग निवडायचा, आणि ते कापड वाऱ्यावर हलतं तसं हलायचं. चुण्या पडायच्या आणि चुण्यांबरोबर बुट्टेही वळायचे. इंदूरच्या एका निर्यातवाल्या कंपनीने तिला हे दाखवायला बोलावलं होतं, ज्येष्ठातल्या एका सोमवारी. आवडलं तर नोकरी देणार होते.

अडचण एवढीच होती की कापड हलत नव्हतं. म्हणजे हलायचं, पण उचकी लागल्यासारखं. चित्रं हलवण्याचं काम संगणकातलं एक वेगळं कार्ड करतं, आणि आमचं कार्ड दुकानातलं सगळ्यात स्वस्त होतं. ते आम्ही हकीमभाईंकडून घेतलं होतं. हकीमभाई फ्रीगंजचे बोहरी दुकानदार. आधी रेडिओचे सुटे भाग विकायचे, मग टीव्हीचे, मग संगणकाचे. माणूस तोच, काउंटर तोच. मंजूने तक्रार केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बेटा, ये गरीब कार्ड है. इससे अमीरों वाला काम मत माँगो." चांगलं कार्ड दिल्लीहून यायला महिना लागला असता, आणि आम्हाला परवडलंही नसतं. मग आवाज जरा खाली करून त्यांनी सांगितलं की एक छोटा प्रोग्राम मिळतो, त्याने कार्डाचा वेग कंपनीने ठरवून दिला त्याच्यावर नेता येतो; म्हणजे निहार, तुझं ओव्हरक्लॉकिंगच. पण गरम होतं. फार पळवलं तर मरतं. "ताँगे का घोड़ा है. दौड़ेगा, मगर साँस देखते रहना."

घोड्याचा श्वास बघायला माणूस हवा होता. मंजूला दिवसभर भैरवगढला जायचं असायचं. मला शाळेची सुट्टी लागली होती, पण माझ्या मागे पापड-कुरडयांचं काम होतं. मंजू वडिलांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं बसून बघा. कार्ड दमलं की स्क्रीनवर पांढरे ठिपके येतात, ते आले की किती वाजले ते सांगायचं. बाकी कशाला हात नका लावू."

तिला माणसं कळतात, हे मला त्या दिवशी कळलं. हात लावा म्हणाली असती तर ते उठले नसते.

पहिले दोन दिवस ते नुसते बसले. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर संगणकाच्या कॅबिनेटची एक बाजू उघडलेली होती, आणि हे जमिनीवर मांडी घालून आत बघत होते. तळहाताएवढं हिरवं कार्ड, त्याच्यावर रुपयाएवढा पंखा. "बघ तर सही," मला म्हणाले, "एवढ्याश्या पंख्याने ह्याचं काय होणार आहे?" मी शाळेतून सुट्टीपुरता आणलेला एक प्रयोगशाळेतला थर्मामीटर त्यांना दिला, कारण स्वस्त कार्डाला आपला ताप सांगायची सोय नव्हती. दोऱ्याने तो कार्डावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना टेकवून बांधला. आणि एक वही दिली. माझ्या वर्गातला नियम सांगितला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लगेच लिहायची, शाईने लिहायची, आणि लिहिलेलं खोडायचं नाही.

त्या वहीने आमचं घर ताब्यात घेतलं. वेग थोडा वाढवायचा, कापड अर्धा तास हलतं ठेवायचं, दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं, ठिपके बघायचे. ठिपके नाहीत, तर आणखी थोडा. ठिपके आले, की एक पायरी मागे. मंजू संध्याकाळी यायची ती पायातली चप्पल न काढताच विचारायची, आज कुठवर? आणि हे जेवताना पानात भात तसाच ठेवून सांगायचे की अमक्या वेगाला ठिपके डाव्या कोपऱ्यात येऊन राहिले आहेत, म्हणजे दोष मेमरीचा असावा, वेग मेमरीचा कमी करून मुख्य चिपचा वाढवून बघतो. मला त्यातलं अर्धं समजायचं. पण दाढी रोज व्हायला लागली होती, ते मला पूर्ण समजत होतं.

भांडणंही झाली. एकदा त्यांनी कॅबिनेट उचलून थेट कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. मी म्हणाले, कूलरची हवा ओली असते, पत्रा गंजेल, कार्डाचं वाटोळं होईल. ते म्हणाले, भौतिकशास्त्र तुझं, पण गारवा तर येतोय न. मंजू म्हणाली, "आई, तू टेन्शन नको घेऊ, बाबांना करू दे." शेवटी तह झाला. कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि हे स्वतः फ्रीगंजला जाऊन एक मोठा पंखा शोधून आले, जुन्या कुठल्याशा मशीनमधला. तो त्यांनी माझ्या विणकामाच्या सुयांच्या आधाराने बसवला. सुया मला परत मिळाल्या नाहीत.

आणि एका संध्याकाळी ते कापड वाहिलं. दुसरा शब्द नाही. तांबड्या बुट्ट्यांचं कापड स्क्रीनवर संथ हललं, चुणी आली, चुणी गेली. आम्ही तिघं बघत राहिलो. मंजूने वडिलांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "बाबा, आता कोणी म्हणेल का की हे आपलं गरीब कार्ड आहे?" ते म्हणाले, "अजून तीन तासांची सलग टेस्ट बाकी आहे. इंदूरचे लोक पाच मिनिटांत सोडणार नाहीत." बँकेत शाखेचं काम बंद करताना ते ह्याच आवाजात बोलत असतील, असं मला वाटून गेलं.

इथे मला आमच्या घरांची एक रीत सांगायला हवी. वस्तू घरात आली की तिला आधी कपडे शिवले जायचे. रेडिओला, मिक्सरला, शिलाई मशीनला, टेलिफोनलासुद्धा. वस्तू आयुष्यात एकदाच घेतली जाणार, मग तिला धुळीपासून जपायला नको? हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते श्वासासारखं होतं. तुम्ही मागे आलात तेव्हा सई माझ्या मिक्सरचा झालरीचा झगा बघून हसली होती, आठवतं? संगणक आला त्याच आठवड्यात मी भैरवगढच्या जाड छापील कापडाची कव्हरं शिवली, किनारीला गोट लावून. काम झालं की झाकायचं, हा नियम. पाळला नाही की मी बोलायची. माझं ते बोलणं ह्या घरात सगळ्यांनी भरपूर ऐकलं आहे.

सोमवारला पाच दिवस राहिले होते. बुधवार. जेवणं झाल्यावर आजोबांनी ठरलेल्या वेगावर तीन तासांची शेवटची टेस्ट लावली. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे एक शेगडीच होती, म्हणून खोली तापू नये यासाठी त्यांनी तो बंद ठेवला आणि नुसतं कॅबिनेट चालू. वहीत लिहिलं, एक वाजून दहा मिनिटांनी सुरू. थोडा वेळ जवळ बसले, मग कार्ड ठीक चाललंय असं बघून इंदूरला न्यायच्या वायरी आणायला फ्रीगंजला गेले. मंजू भैरवगढला होती. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते, माझा डोळा लागला होता.

चारच्या सुमाराला आंधी आली. आमच्याकडे ती सांगून येत नाही. उजेड आधी पिवळा होतो, मग तपकिरी, आणि मग एकदम सगळ्या खिडक्यांच्या झडपा बोलायला लागतात. मी उठून गच्चीवर धावले, पापड गोळा केले, खाली येऊन वाऱ्याने उघडलेल्या खिडक्या पुन्हा लावल्या, तोवर मधल्या खोलीत धुळीचा पडदा उभा होता. आणि कॅबिनेट एका बाजूने सताड उघडं. मॉनिटर काळा. कूलर घरघरत होता. त्या आवाजात त्या छोट्या पंख्यांचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. एरवी आंधी आली की लाइट जाते. त्या दिवशी नेमकी गेली नाही.

मी कव्हर घातलं. जाड कापडाचं, उघड्या बाजूवरून नीट ओढून, खाली दाबून. हे लोक कधी शिकणार आहेत, असं मनात म्हणत घातलं.

वही तिथेच टेबलावर उघडी होती. मी ती पाहिली नाही.

वारा पडल्यावर झाडझूड करत करत तिथे आले, तेव्हा तास होत आला असेल. कव्हर उचललं तर आतून गरम वाफ हाताला लागली, आणि वास आला, तापलेल्या इस्त्रीखाली नायलॉन सापडावं तसा. मग मी वही पाहिली. मग ते कव्हर झटकलं, घडी केलं आणि कपाटात ठेवलं. ह्यातलं कुठलंच मी ठरवून केलं नाही. पण घडी मात्र नीट केली होती.

आजोबा आंधीत अडकून साडेपाचला आले. केसांत धूळ, हातात वायरी आणि एक खरबूज. खुशीत होते. मॉनिटर लावला. स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या. मशीन बंद केलं, लावलं. पट्ट्या. वेग पहिल्यासारखा साधा केला. पट्ट्या. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

"हकीमभाईने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच जास्त पळवलं. मशीनला माझा हात सोसत नाही, बस."

मंजू आल्यावर रागावली नाही. कार्डच सस्तं होतं बाबा, म्हणाली, आणि खरबूज कापायला घेतलं. मग तिने ठरवलं की कागदावर छापलेली चित्रं घेऊन इंदूरला जायचं, हलणारं कापड नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची दाढी झाली नाही. वर्तमानपत्र दुपारी दुसऱ्यांदा वाचून झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, कूलरमध्ये पाणी घालू का?

आणि मी गप्प होते. बुधवारची संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवार.

ह्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, तेव्हा आणि नंतरही. प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटलं की मी मुलींना सांगत असे, जिच्या हातून फुटलं तिने सांगावं, मी रागावणार नाही. आणि रागावतही नसे. मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी किती सोपं करून ठेवलं आहे. सोपं नसतं ते, हे मला पन्नाशीनंतर कळलं. मी स्वतःला समजावलं की आता सांगून कार्ड थोडंच जिवंत होणार आहे. पण खरं कारण लिहायला अवघड आहे. ह्या घरात नीटनेटकी मी होते. चुका बाकीच्यांच्या असायच्या आणि त्या दाखवायचं काम माझं. त्या चुकीचा दोष ह्यांच्यावर किती सहज जाऊन बसला. त्याच्यासाठी तिथे जागा आधीच तयार होती. माझ्यावर बसला असता तर ती बातमी झाली असती.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चहाला बसलो होतो. मंजू कागदावरची चित्रं फाइलमध्ये लावत होती. हे तिला म्हणाले, "माझ्यामुळे तुला हे असं जावं लागतंय." ती म्हणाली, काही पण बोलू नका बाबा. ते म्हणाले, "नाही, खरंच. यापुढे मी कशाला हात लावणार नाही." आणि हे इतकं शांतपणे म्हणाले की मला दिसलं, हे आता कायमचं होतंय. माझ्यासमोर, माझ्या चहाच्या टेबलावर.

"बुधवारी त्याच्यावर मी कव्हर घातलं होतं," मी म्हणाले.

मंजूचा हात फाइलवर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"केव्हा?"

"आंधी आली तेव्हा. चालू आहे हे मला कळलं नाही. वही पण बघितली नाही."

"काढलं केव्हा?"

"तासाभराने. तुम्ही यायच्या आधी. घालताना जळका वास नव्हता, काढताना होता."

"आई, तू?" मंजू एवढंच म्हणाली.

मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. तो यायला हवा होता. तीन दिवसांचं व्याजसुद्धा द्यायची माझी तयारी होती. ते उठले, मधल्या खोलीत गेले, आणि वही-पेन घेऊन परत आले. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "लिही. आंधी किती वाजता आली, नीट आठव."

मी लिहिलं. त्यांच्या 'एक वाजून दहा मिनिटांनी सुरू' च्या खाली, माझ्या अक्षरात: चार वाजता कव्हर घातलं, पाचच्या आसपास काढलं. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. मग त्यांनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे चार वाजेपर्यंत ते उघडं चाललं. पावणेतीन तासांच्या वर. ह्याच वेगावर." त्यांनी वहीतल्या वेगाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि मग तुझ्या गोधडीखाली जिवंत होतं किती वेळ, कोण जाणे. मंजू, म्हणजे आकडा बरोबर होता."

"हो बाबा."

"आकडा बरोबर होता," ते परत म्हणाले, ह्या वेळी कोणालाच नाही. आणि मग चहा तसाच सोडून मंजूला म्हणाले, "चप्पल घाल. हकीमभाई आठला दुकान वाढवतो."

राग नंतर आला. रविवारी, थोडा थोडा. मला वाटतं त्यांना कव्हराचा राग आला नाही, तीन दिवसांचा आला. "तू बघत होतीस मला," असं ते एकदाच म्हणाले. 

हकीमभाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि हसू आवरेना म्हणून स्टुलावर बसले. "भाभीजी ने रज़ाई ओढ़ा दी?" पुढे कित्येक वर्षं मी दुकानासमोरून गेले की त्यांचा आवाज यायचा, भाभीजी, आज किसको ओढ़ाया? तसलंच एक कार्ड त्यांच्याकडे उरलं होतं, ते त्यांनी दिलं. मी बजावलं की एक कार्ड दुसऱ्यासारखं वागेलच असं नाही, वेग पायरीपायरीने चढवा. ह्यांनी माझं ऐकलं, पण चढवताना हात थांबला नाही. रविवारी तीन तास ते खुर्चीवरून उठले नाहीत. मी समोर स्टुलावर बसून थर्मामीटर वाचून दाखवत होते आणि ते लिहीत होते. एक पायरी खालीच ठेवावं लागलं, ह्या घोड्याचा दम जरा कमी होता. कापड मात्र वाहत राहिलं.

सोमवारी बापलेक कॅबिनेट मांडीवर घेऊन इंदूरला गेले. तिथे काय झालं ते मला मंजूने सांगितलं, त्यांनी नाही. कंपनीच्या लोकांनी मंजूशी बोलून झाल्यावर, खाली बसून वायरी जोडणाऱ्या ह्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे बघून विचारलं, आणि आपण? ते वर न बघता म्हणाले, "मैं टेस्टिंग देखता हूँ."

मंजूला नोकरी लागली. मग इंदूरहून बंगलोर, बंगलोरहून तुमचं ते बर्फाचं गाव. कधी कधी दुपारी घर फार शांत असतं तेव्हा माझ्या मनात येतं की मी त्या शनिवारी बोलले नसते, तर तुम्ही कदाचित इथेच फ्रीगंजच्या रस्त्यावर सायकल शिकला असता. मग तुमचे आजोबा जे बसून राहिले असते ते डोळ्यांसमोर येतं, आणि मी तो विचार तिथेच सोडते.

त्यांनी नंतर मोहल्ल्यातली किती मशीनं दुरुस्त केली त्याची गणती नाही. टेलिफोनपासून शिलाई मशीनपर्यंत. निवृत्त लोकांना संगणक शिकवायचे, आमच्याच मधल्या खोलीत, आणि त्यांचा एकच आग्रह असायचा की चुकीची कळ दाबली गेली तर घाबरू नका, कुठली दाबली तेवढं सांगा. आता डोळ्यांनी बारीक दिसत नाही, हातही थरथरतो. पण परवाच शेजारच्या भाभी त्यांचा बंद पडलेला टेबलफॅन ठेवून गेल्या आणि हे तो उघडून बसले आहेत. मला न विचारता. निहार, तुझ्या कार्डाला ताप किती येतो ते त्यांना लिहून पाठव. एका वेळी एकच गोष्ट बदलतोस की नाही, हे ते विचारणार आहेत, तयारी ठेव.

त्या उन्हाळ्यातलं आता फारसं काही राहिलेलं नाही. दुसरं कार्ड चार-पाच वर्षं चाललं आणि म्हातारं होऊन गेलं. तो संगणक भंगारात गेला. हकीमभाई गेले, त्यांच्या दुकानात त्यांचा नातू मोबाइल विकतो. उरलं आहे ते एवढंच, की ह्या घरात काही बिघडलं, तर ज्याच्या हातून बिघडलं तो त्याच दिवशी सांगतो, आणि ऐकणारा रागावण्याआधी किती वाजता ते विचारतो.